पेशंट घरी गेल्यावर त्याचं पुढे काय झालं, एवढंच विचारलं म्हणून बॉस्टनच्या सर्जनला वाळीत टाकलं होतं

दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो तो दिवस आठवून बघा. एकजण बिलिंग काउंटरच्या रांगेत, दुसरा टीपीएचं अप्रूव्हल आलं का ते विचारत फिरतोय, तिसरा खालच्या मेडिकलमधून गोळ्या आणायला गेलाय. सिस्टर पाच मिनिटांत कोणती गोळी सकाळी, कोणती रात्री ते सांगते. पेशंट मान हलवतो, पण त्याचं लक्ष रिक्षा आली का याकडे. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल, त्यात डिस्चार्ज कार्ड आणि आठ दिवसांनी दाखवायला या एवढा निरोप.

घरी आल्यावर खरी गंमत सुरू होते. बीपीची जुनी गोळी घरात असतेच. दवाखान्याने दिलेली नवी गोळी म्हणजे तेच औषध, फक्त कंपनी वेगळी आणि नाव वेगळं. पेशंट दोन्ही घेतो. चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडतो आणि परत त्याच कॅज्युअल्टीत दाखल होतो.

आता प्रश्न असा, की या पेशंटचं पुढे काय झालं याची नोंद पहिल्या वेळी ज्यांनी त्याला घरी सोडलं त्यांच्याकडे असते का? तो बरा झाला, की परत आला, की दुसऱ्याच हॉस्पिटलला गेला?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका सर्जनने विचारला. एकदा विचारून थांबला नाही, आयुष्यभर विचारत राहिला. त्यापायी त्याने नोकरी सोडली, पद घालवलं, मित्र घालवले आणि पैसाही घालवला. त्याचं नाव अर्नेस्ट अमोरी कॉडमन.

पैजेवर सुरू झालेली नोंदवही

कॉडमनचा जन्म ३० डिसेंबर १८६९ चा, बॉस्टनचा. घराणं जुनं आणि प्रतिष्ठित. शिक्षण हार्वर्डला, १८९५ मध्ये तिथूनच डॉक्टर झाला. म्हणजे आयुष्य आरामात जाईल अशी सगळी सोय जन्मापासून केलेली होती.

मेडिकल कॉलेजात त्याचा एक वर्गमित्र होता, हार्वे कुशिंग. हाच कुशिंग पुढे आधुनिक मेंदूशस्त्रक्रियेचा जनक म्हणून ओळखला गेला. त्या काळी भूल द्यायचं काम विद्यार्थ्यांकडेच असायचं. इथरमध्ये भिजवलेला स्पंज पेशंटच्या तोंडावर धरायचा आणि अंदाजाने काम चालवायचं. असंच एकदा कुशिंग भूल देत असताना पेशंट दगावला. पोरगा हादरला. डॉक्टरकी सोडून द्यावी असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मग कॉडमन आणि कुशिंग यांनी पैज लावली. कोण जास्त चांगली भूल देतं ते बघू, हरेल त्याने जेवण द्यायचं. पण चांगली भूल म्हणजे काय हे ठरवायचं कसं? त्यासाठी दोघांनी कागदावर तक्ते आखले आणि ऑपरेशन चालू असताना पेशंटची नाडी ठराविक वेळाने लिहून ठेवायला सुरुवात केली. साल होतं १८९४. भूल देताना पेशंटच्या प्रकृतीची लेखी नोंद ठेवण्याची सुरुवात या तक्त्यांपासून झाली, असं मानलं जातं. आज जगातल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ जो चार्ट भरतो, त्याचं मूळ या जेवणाच्या पैजेत आहे.

कॉडमनचा स्वभाव या एका गोष्टीतून कळतो. अमुक एक गोष्ट चांगली झाली असं कुणी म्हणालं, की तो विचारायचा, कशावरून?

एक्स-रेचा शोध नुकताच लागला होता, तेव्हाही तेच. सगळे या नव्या किरणांच्या प्रेमात पडलेले असताना याने एक्स-रेमुळे कातडी भाजल्याच्या तोवर नोंदल्या गेलेल्या सगळ्या केसेस गोळा केल्या आणि १९०२ मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला.

एक कार्ड, एक वर्ष

पुढे कॉडमन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जन झाला. बॉस्टनमधलं हे सगळ्यात मानाचं हॉस्पिटल. शिवाय हार्वर्डमध्ये शिकवायचं कामही होतं.

तेव्हाची हॉस्पिटलं दरवर्षी अहवाल काढायची. त्यात किती पेशंट आले, किती ऑपरेशनं झाली, किती खर्च झाला हे सगळं असायचं. पेशंट घरी गेला की त्याच्या नावापुढे बरा झाला, सुधारला किंवा मेला असा एक शब्द पडायचा आणि फाईल बंद. म्हणजे पेशंट हॉस्पिटलच्या दारातून चालत बाहेर पडला की उपचार यशस्वी.

कॉडमनला हे पटेना. हर्नियाचं ऑपरेशन झालेला माणूस दहाव्या दिवशी चालत घरी जातो, ठीक आहे. पण सहा महिन्यांनी तो पुन्हा ओझं उचलू शकतो का? हर्निया परत आला का? कामावर गेला का? ऑपरेशन ज्यासाठी केलं, ते साधलं की नाही हे दहाव्या दिवशी कळतच नाही.

त्याने सुचवलेला उपाय इतका साधा होता, की आज ऐकताना यात विशेष ते काय असं वाटेल. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड करायचं. त्यावर तक्रार काय होती, ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय वाटलं, काय उपचार केले, हॉस्पिटलमध्ये असताना काय गुंतागुंत झाली, घरी सोडताना निदान काय ठरलं, एवढं लिहायचं. आणि मग एक वर्षाने त्या पेशंटला गाठून परिणाम लिहायचा. परिणाम चांगला नसेल तर का नाही, हेही लिहायचं. या पद्धतीला त्याने एंड रिझल्ट म्हणजे अंतिम परिणाम असं नाव दिलं.

याच सुमारास त्याच हॉस्पिटलात डॉ. रिचर्ड कॅबट नावाचा आणखी एक जण पेशंटच्या घराकडे बघत होता. दूध, विश्रांती आणि मोकळी हवा असं लिहून दिलेला पेशंट एका कोंदट खोलीत राहतो आणि बारा तास राबतो, मग त्या चिठ्ठीचा उपयोग काय, हा त्याचा प्रश्न. त्याने १९०५ मध्ये तिथे समाजसेविका नेमली. पुढच्या वर्षी आयडा कॅनन रुजू झाल्या आणि त्यांनी हे काम कित्येक वर्षं वाढवलं. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत आज जे समाजसेवा अधीक्षक दिसतात, त्या कामाचं हे एक मूळ. घरी सोडायच्या आधी घरची परिस्थिती विचारायची, ही डिस्चार्ज प्लॅनिंगची पहिली पायरी कॅबट-कॅननची. घरी सोडल्यानंतर हिशेब मागायचा, ही दुसरी पायरी कॉडमनची.

१९१० च्या उन्हाळ्यात कॉडमन लंडनला गेला होता. एका सॅनेटोरियमला भेट देऊन परतताना घोडागाडीत त्याच्यासोबत फिलाडेल्फियाचा सर्जन एडवर्ड मार्टिन होता. त्या प्रवासात कॉडमनने त्याला आपली कल्पना ऐकवली. मार्टिनच्या डोक्यात अमेरिकन सर्जनची एक मोठी संघटना काढायचं चाललं होतं. दोन्ही गोष्टी जुळल्या. १९१३ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स स्थापन झालं आणि हॉस्पिटलांचा दर्जा ठरवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद कॉडमनकडे आलं.

स्वतःच्या चुका छापणारं हॉस्पिटल

पण मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये गाडी पुढे सरकेना. म्हणून १९११ मध्ये त्याने बॉस्टनच्या पिंकनी स्ट्रीटवर स्वतःचंच छोटं हॉस्पिटल काढलं.

इथे त्याने जे केलं ते आजही कुणी सहसा करणार नाही. १९११ ते १९१६ या काळात या हॉस्पिटलमधून ३३७ पेशंट घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्याने नोंदवल्या आणि चक्क छापून प्रसिद्ध केल्या. नुसत्या छापल्या नाहीत, तर त्यांची वर्गवारी केली. सर्जनचं कौशल्य कमी पडलं, निर्णय चुकला, काळजी किंवा साधनं कमी पडली, निदानच चुकलं, अशी. आजारच हाताबाहेरचा होता किंवा पेशंटने उपचाराला नकार दिला, यांचे खाने वेगळे. आणि ज्यावर कुणाचाच इलाज नव्हता त्या आपत्तींचा खाना आणखी वेगळा.

यातल्या एका केसमध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनवेळी त्याच्याच हातून पित्तनलिका बांधली गेली होती आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. पेशंट दगावला. ही चूक त्याने दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलली नाही, कौशल्य कमी पडलं या खान्यात स्वतःच्या नावाने लिहिली. मग हे अहवाल त्याने देशभरच्या हॉस्पिटलांना पाठवले. मी माझं दाखवलं, आता तुम्ही तुमचं दाखवा, असा सरळ हिशेब.

कुणीही दाखवलं नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॉडमनला चुकांची यादी करून कुणाला फासावर चढवायचं नव्हतं. चूक कोणत्या प्रकारची आहे हे कळलं तरच ती पुढच्या वेळी टाळता येते, असं त्याचं म्हणणं. निदान चुकत असेल तर तपासणी सुधारा. काळजी कमी पडत असेल तर नर्सिंग सुधारा. पेशंट परत आला म्हणजे नक्की काय झालं, या प्रश्नाचं उत्तर आजही याच वाटेने शोधावं लागतं.

शहामृग आणि सोन्याची अंडी

आता येते ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली भानगड.

मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये बढती मिळायची ती सेवाज्येष्ठतेवर. कुणाचे पेशंट किती बरे होतात याच्याशी त्याचा संबंध नव्हता. कॉडमनने १९१४ मध्ये या पद्धतीचा निषेध म्हणून राजीनामा दिला. आणि लगेच त्याच हॉस्पिटलच्या मुख्य सर्जनपदासाठी अर्ज केला. कारण काय दिलं? तर गेल्या दहा वर्षांतले माझ्या पेशंटचे परिणाम इतरांपेक्षा चांगले आहेत. खोटं असेल तर तुमचे आकडे काढा. आकडे कुणाकडेच नव्हते, हे त्याला पक्कं माहीत होतं.

अर्थात पद मिळालं नाही. पण गडी थांबला नाही.

६ जानेवारी १९१५. बॉस्टनच्या मेडिकल लायब्ररीत स्थानिक वैद्यकीय संघटनेच्या सर्जरी विभागाची सभा होती. विभागाचा अध्यक्ष कॉडमनच. विषय हॉस्पिटलची कार्यक्षमता. त्याने वक्ते असे बोलावले, की हॉल खचाखच भरला. कारखान्यातलं काम वेगाने कसं करावं हे शिकवणारा तज्ज्ञ फ्रँक गिलब्रेथ आला होता आणि शहराचा महापौर जेम्स कर्लीही आला होता.

भाषणं झाली आणि शेवटी कॉडमनने एका भल्या मोठ्या चित्रावरचा पडदा बाजूला केला. ते व्यंगचित्र होतं. मध्ये एक शहामृग, वाळूत डोकं खुपसलेलं. हे शहामृग म्हणजे बॉस्टनच्या बॅक बे भागातली श्रीमंत जनता. आपल्यावर होणाऱ्या उपचारांचं पुढे काय होतं हे तिला बघायचंच नाही. आणि ते शहामृग मागे लाथेने सोन्याची अंडी उडवतंय, ती गोळा करतायत हार्वर्डचे नामवंत डॉक्टर. एका बाजूला हॉस्पिटलचे विश्वस्त विचारात पडलेत, की हिला खरं सांगितलं तर ही अंडी द्यायची बंद तर होणार नाही ना? पुलावर हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल उभे, त्यांनाही हीच चिंता, की खरं बोलून आपल्या प्राध्यापकांचं पोट भरेल का?

सभेत गोंधळ उडाला. वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली. कॉडमनला विभागाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. हार्वर्डमधलं शिकवण्याचं कामही गेलं. जुने सहकारी तुटले. सहकारी डॉक्टरांनी पाठवलेल्या पेशंटवर चालणारी प्रॅक्टिस, तिलाही फटका बसला.

चित्र जरा अतिच होतं का? होतं. ज्या लोकांना सोबत घेऊन चालायचं त्यांनाच भर सभेत लुटारू ठरवलं, तर ते आपली रजिस्टरं उघडून दाखवतील ही अपेक्षा भाबडीच म्हणायची. त्या एका संध्याकाळने त्याचं काम मागे नेलं असंही म्हणता येतं. पण त्याआधी चार वर्षं तो सभ्य भाषेत हेच मागत होता आणि त्याचा उपयोग झाला नव्हता, हेही तितकंच खरं.

भट्टीत गेलेली यादी

६ डिसेंबर १९१७ ला कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेलं जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून फुटलं. जवळपास २००० माणसं मेली. कॉडमन मदतीला तिकडे धावला. तिथून पुढे पहिल्या महायुद्धात लष्करी सेवेत गेला. पिंकनी स्ट्रीटवरचं हॉस्पिटल बंद पडलं आणि डोक्यावर कर्ज राहिलं.

त्याने ज्याची सुरुवात करून दिली ते काम मात्र कॉलेज ऑफ सर्जन्सने चालू ठेवलं होतं. हॉस्पिटलांसाठी किमान दर्जा म्हणून जेमतेम पानभर नियम तयार झाले. त्यात प्रत्येक पेशंटचा पूर्ण केसपेपर ठेवायचा आणि घरी सोडतानाची प्रकृती व नंतरचा पाठपुरावा हेही त्यात लिहायचं, अशी अट होती. डिस्चार्ज कार्डावर घरी जाताना पेशंटची स्थिती काय, असा जो रकाना असतो, त्याची वंशावळ इथपर्यंत जाते.

या नियमांवर १०० किंवा जास्त खाटांची ६९२ हॉस्पिटलं तपासली गेली. पास झाली फक्त ८९. नापासांमध्ये देशातली काही सगळ्यात नावाजलेली हॉस्पिटलं होती. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात बैठक होती. आकडा जाहीर झाला, पण नावांची यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून ती हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली. पुढे याच तपासणीच्या कामातून १९५१ मध्ये अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणारी जॉइंट कमिशन ही संस्था उभी राहिली. भारतात हे काम एनएबीएच करतं.

कॉडमन मात्र नोंदी ठेवतच राहिला. १९२० च्या सुमारास त्याने हाडांच्या कॅन्सरची देशव्यापी नोंदवही सुरू केली, जिथे डॉक्टर आपापल्या केसेस पाठवतील आणि त्या पेशंटचं पुढे काय झालं हे कळेल. कॅन्सर रजिस्ट्री हा प्रकार आज सगळीकडे आहे, त्यातली ही अगदी सुरुवातीची. १९३४ मध्ये त्याने खांद्यावर एक जाडजूड पुस्तक काढलं, तेही स्वखर्चाने. आपल्याकडे डायबिटीसच्या पेशंटमध्ये सर्रास दिसणारा फ्रोझन शोल्डर, हा शब्द त्याचाच. खांदा धरला म्हणून फिजिओथेरपीला गेलेल्यांना वाकून हात लंबकासारखा हलवायला सांगतात, त्या व्यायामाचं नावच कॉडमन एक्सरसाइज आहे.

मग आज याचा संबंध काय?

२००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेतले, म्हणजे प्रामुख्याने ज्येष्ठ नागरिक असलेले पेशंट त्यात होते. डिस्चार्ज मिळालेल्यांपैकी जवळपास दर पाचवा पेशंट ३० दिवसांच्या आत परत दाखल होत होता. आणि ऑपरेशन नसलेल्या आजारांत असे जे परत आले, त्यांतल्या साधारण निम्म्या लोकांच्या बाबतीत मधल्या काळात कोणत्याही डॉक्टरकडे गेल्याचं बिलच सापडत नव्हतं. घरी गेल्यापासून परत येईपर्यंत त्यांना कुणी तपासलंच नव्हतं, असा त्याचा अर्थ.

त्याच वर्षी कॉडमनच्या बॉस्टनमधूनच दुसरा अभ्यास आला. बॉस्टन मेडिकल सेंटरमध्ये ७४९ पेशंटवर केलेला. निम्म्यांना नेहमीसारखा डिस्चार्ज. उरलेल्यांसाठी एक नर्स फक्त डिस्चार्जच्या कामाला नेमली. तिने पुढच्या भेटीची तारीख आधीच ठरवून दिली, जुन्या आणि नव्या गोळ्या समोरासमोर ठेवून कोणती बंद हे सांगितलं, काय झालं तर लगेच यायचं ते समजावलं आणि पेशंटला कळलं का, ते त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. सोबत सोप्या भाषेतली पुस्तिका दिली. दोन ते चार दिवसांनी फार्मासिस्टने घरी फोन केला. एवढ्यावर या गटाचं महिन्याभरात पुन्हा दाखल होणं किंवा इमर्जन्सीत येणं सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं.

ऑक्टोबर २०१२ पासून अमेरिकन सरकारने पेशंट प्रमाणाबाहेर परत येत असतील तर हॉस्पिटलचे पैसे कापायला सुरुवात केली. कॉडमन असता तर खूश झाला असता, असं पटकन वाटतं. पण तसं सरळ नाही. परत आलेले पेशंट मोजले, तर घरीच दगावलेला पेशंट या मोजणीत येतच नाही. कागदावर तो परत न आलेला, म्हणजे हॉस्पिटलसाठी चांगला आकडा. हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये या योजनेनंतर डिस्चार्जनंतरचे मृत्यू वाढले का, यावर अमेरिकेत बराच वाद झाला. कॉडमनच्या कार्डावर पेशंट परत आला का, असा प्रश्न नव्हताच. वर्षभरानंतर त्याची तब्येत कशी आहे, असा होता. या दोन प्रश्नांत बराच फरक आहे.

कॉडमन २३ नोव्हेंबर १९४० रोजी गेला. त्याला त्वचेचा कॅन्सर, मेलॅनोमा झाला होता. हाताशी फारसा पैसा उरला नव्हता आणि आपल्यासाठी दगडावर खर्च करू नको, असं त्याने पत्नीला सांगून ठेवलं होतं. त्याला केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत पत्नीच्या माहेरच्या जागेत पुरलं. ७४ वर्षं त्या जागेवर नाव नव्हतं. २०१४ मध्ये डॉक्टरांच्या संघटनांनी वर्गणी काढून तिथे दगड बसवला. वर्गणी देणाऱ्यांत अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सही होतं.